तिसरा पट्टा

जेवणाच्या टेबलावर टीव्ही येऊन आज पंधरावा दिवस होता, आणि पंधरा दिवस घरातली माणसं मांडीवर ताटं घेऊन जेवत होती. त्याबद्दल कोणी कुरकुर करायची नाही, असा मेट्रनचा हुकूम होता. सूनबाईने तो पहिल्या आठवड्यात पाळला, दुसऱ्या आठवड्यात पाळल्यासारखं केलं, आणि आज शाळेला सुट्टी असल्यामुळे वाद घालायला भरपूर वेळ हाताशी होता, म्हणून तिने तोंड उघडलं.

"आत्या, बाबांनी तीन दिवसांत त्याला हातसुद्धा लावलेला नाही. मग परत माळ्यावर टाकू या का? मला टेबल हवंय. वह्या तपासायच्यात."

"नाही."

"का?"

"तो माळ्यावर गेला की तुझे सासरे परत खुर्चीत. सहा महिने कसे बसले होते, विसरलीस?"

सूनबाई विसरली नव्हती. मेट्रनची वहिनी वारल्यापासून दादाने खिडकीजवळची खुर्ची धरली होती. हाक मारली की 'ओ' देत होता, वाढलं की जेवत होता, आणि कसं वाटतंय विचारलं की 'ठीक' म्हणत होता. या 'ठीक'ला घाबरूनच मेट्रन आठ दिवसांसाठी म्हणून भावाकडे आली आणि राहिली. इस्पितळातून निवृत्त होऊन तिला चार वर्षं झाली होती, पण सगळं घर अजूनही वॉर्डासारखंच चालवायची. डोक्यावर पांढरी टोपी चढली त्या दिवशी दोन्ही भावांनी तिला चिडवायला 'मेट्रन' म्हटलं होतं. पुढे ती खरोखरची मेट्रन झाली आणि चिडवण्यातली मजा गेली, नाव मात्र राहिलं.

माळ्यावरून टीव्ही काढायची कल्पना तिचीच. जुना व्हॉल्व्हचा सेट, लाकडी पेटीतला, दोन माणसांना उचलताना घाम फोडणारा. आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केलेल्या माणसाच्या पुढ्यात बंद टीव्ही ठेवला तर तो किती दिवस नुसता बघत बसेल, असा तिचा हिशेब होता. दादा एक दिवस बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्क्रूड्रायव्हर मागितला.

मग बारा दिवस घरात जान आली होती. दादाने ब्रशने आतली धूळ झाडली, बटणं साबणाच्या पाण्यात घातली, एकेक काचेचा व्हॉल्व्ह फडक्याने पुसून उजेडात धरून बघितला. जुने कंडेन्सर काढून नवे घातले. जेवताना बोलायला लागला. एकदा तर चहात साखर कमी आहे म्हणून सूनबाईवर चिडला, आणि मेट्रनला इतका आनंद झाला की तिने स्वतः उठून साखर घातली.

आणि मग तिनेच माती खाल्ली.

रेझिस्टन्सची एक पेटी होती, चाळीस खणांची. हे रेझिस्टन्स म्हणजे वीज अडवणारे तुकडे, खडूच्या तुकड्याएवढे किंवा त्याहून लहान, अंगावर रंगीत पट्टे असलेले. टेबल पुसताना मेट्रनचा हात लागला आणि पेटी उपडी झाली. दादा केस कापायला गेला होता. तो यायच्या आत तिने जमिनीवर बसून एकूण एक तुकडा वेचला आणि नीट लावला. लांब लांबांबरोबर, जाडे जाड्यांबरोबर, बारके बारक्यांबरोबर. खणांत वहिनीच्या हातच्या, पेन्सिलीने आकडे घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. मळून कळकट झालेल्या. त्या तिने कचऱ्यात टाकल्या. आयुष्यात एवढं सुबक काम आपण क्वचितच केलं असेल, असं तिला वाटलं.

दादाने येऊन झाकण उघडलं. बराच वेळ बघत राहिला.

"चिठ्ठ्या?"

"टाकल्या. किती मळल्या होत्या."

"छान लावलंस," तो म्हणाला, झाकण बंद केलं, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. त्याला आज तीन दिवस झाले.

"पण रुसण्यासारखं काय आहे त्यात?" मेट्रन आता सूनबाईला म्हणाली. "पट्टे आहेत ना त्यांच्यावर? रंग बघायचा आणि उचलायचा. कोणालाही जमेल."

"मग त्यांना का जमत नाहीये?"

"हट्ट, दुसरं काय. म्हणून मी धाकट्याला फोन केलाय. अकरा वाजता येतोय."

सूनबाईच्या हातातल्या वह्या खाली आल्या. लग्न होऊन ती या घरात आली त्याला नऊ वर्षं झाली, पण धाकटे काका तिने नवऱ्याच्या लहानपणीच्या फोटोत पाहिले होते, आणि एकदाच, सासूबाई गेल्या तेव्हा, लांबून.

"बाबांना सांगितलंय?"

"नाही."

"आत्या, तुम्ही ना..." पुढचं तिने गिळलं. मग म्हणाली, "बिस्किटं संपलीत. मी घेऊन येते." आणि टेबलाची गोष्ट पुन्हा न काढता पिशवी घेऊन गेली. त्यावरून मेट्रनला कळलं की सूनबाई आपल्या बाजूला आली.

सव्वीस वर्षांपूर्वी दोघा भावांचं एकच दुकान होतं. हाच सेट तेव्हाही जुनाट होता, पण एका म्हाताऱ्या मास्तरांचा त्यावर जीव होता. दुरुस्त होऊन त्यांच्या घरी गेला त्याच रात्री त्यातून धूर निघाला आणि पडदा पेटला. माणसं वाचली, पडदा आणि भिंत गेली. दुसऱ्या दिवशी मास्तर चार लोकांना घेऊन दुकानात आले, सेट तिथेच टाकला, तेव्हा दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "हे धाकट्याचं काम." धाकट्याने ते ऐकलं, खिळ्यावरचा शर्ट घेतला आणि दुकानातून बाहेर पडला. पुढे तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहिला. वहिनी गेली तेव्हा आला, कोपऱ्यात उभा राहिला, कोणाशी न बोलता निघून गेला. मेट्रन दोघांकडे जायची, आणि एकाच्या घरात दुसऱ्याचं नाव काढायचं नाही हे तिलाही अंगवळणी पडलं होतं. खरं सांगायचं तर चूक धाकट्याचीच, असं तीही धरून चालली होती. निष्काळजीपणा केला, वर अबोला धरला, म्हणून मनातून ती त्याच्यावर थोडी नाराजच होती.

सूनबाई येईपर्यंत बसून काय करायचं, म्हणून तिने टीव्हीचं मागचं झाकण गच्चीत नेलं आणि पुसायला घेतलं. पुठ्ठ्याचं, भोकंभोकं असलेलं झाकण. आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा होत्या. दोघांची ही दुकानातली पद्धत होती. काम झालं की झाकणाच्या आत तारीख टाकायची आणि पुढे खूण करायची. दादाची खूण आडवी रेघ, धाकट्याची टिंब. मेट्रन कौतुकाने वाचत गेली. रेघ, टिंब, टिंब, रेघ. शेवटच्या तारखेपुढे रेघ होती.

तिने ती तारीख परत वाचली. ती तारीख ती मरेपर्यंत विसरणार नव्हती. त्या दिवशी पहाटे पाचपासून संध्याकाळी सातपर्यंत धाकटा तिच्याच वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होता. बायको आत अडलेली. तिनेच त्याला तीनदा चहा दिला होता, आणि सात वाजता बाहेर येऊन तिनेच सांगितलं होतं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

म्हणजे त्या दिवशी धाकटा दुकानात नव्हताच. काम दादाचं होतं, खूणही दादाची होती, आणि खापर फोडलं होतं धाकट्याच्या डोक्यावर.

मेट्रनच्या अंगाचा भडका उडाला. झाकण घेऊन तश्शी खोलीत जावं, खुर्चीसमोर उभं राहावं आणि विचारावं, हे काय आहे? ती दारापर्यंत गेलीसुद्धा. खुर्चीच्या पाठीवरून दादाची मान दिसत होती. नुकतेच केस कापलेली, बारीक झालेली मान. ती तिथेच थांबली, आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

धाकटा एका हातात कामाची पिशवी आणि दुसऱ्या हातात लाकडी फळीवर बसवलेला एक बल्ब घेऊन उभा होता. त्याच्यामागून सूनबाई बिस्किटं घेऊन जिना चढत होती.

"दार करकरतंय," तो मेट्रनला म्हणाला. "तेल घाला." सव्वीस वर्षांनंतर या घरात त्याने काढलेले हे पहिले शब्द.

दादाने मान वळवली नाही. "कोणी बोलावलं?"

"मेट्रनने."

"तिला सवयच आहे. न विचारता आवरायची."

"जाऊ का?"

मेट्रनने झाकण छातीशी धरलं होतं. धाकटा अजून चपला घालूनच उभा होता, आणि तिला वाटलं, हा आता वळला तर पुन्हा या दारात येणार नाही. आपणही आता पासष्टीला आलो. दोघांना एका छताखाली बघायची दुसरी संधी मिळेलच असं नाही.

"काका," सूनबाई मागून म्हणाली, "जरा सरकता का? मला आत यायचंय." आणि तो आत सरकला. नऊ वर्षांत सुनेने इतकं शहाणपणाचं वाक्य बोललेलं मेट्रनला आठवत नव्हतं.

"आलायस तर चहा घे," दादा खिडकीकडे बघत म्हणाला.

धाकट्याने चपला काढल्या. टेबलाजवळ जाऊन टीव्हीच्या आत डोकावला. "कंडेन्सर बदललास. बरं केलंस."

"त्यांच्यावर आकडे छापलेले असतात," दादा म्हणाला. असं का म्हणाला ते मेट्रनला कळलं नाही.

"मीटर?"

"काटा अडकलाय. आठ वर्षं झाली."

"माझा आणलाय." धाकट्याने रेझिस्टन्सची पेटी उघडली, आत बघितलं, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "हे कोणी लावलंय असं?"

"मी," मेट्रन म्हणाली.

"लांबीप्रमाणे?"

"मग कशाप्रमाणे लावायचे?"

धाकटा हसला नाही. त्याने एकदा पेटीकडे बघितलं, एकदा खुर्चीकडे, आणि त्याचा चेहरा बदलला. मग तो सूनबाईला म्हणाला, "एक बशी देतेस? रिकामी."

ती बशी त्याने टेबलावर ठेवली आणि पेटीतून एकेक रेझिस्टन्स निवडून बशीच्या काठाने मांडायला लागला. मीटर लावायचा, बघायचा, ठेवायचा. घाई नाही, बोलणं नाही. सात तुकडे मांडून झाल्यावर खुर्ची करकरली. दादा उठला. टेबलाशी आला, आपल्या जागेवर बसला, कोणाकडेही न बघता डावा हात खिशात घातला आणि उजव्या हाताने बशीतला पहिला तुकडा उचलला. चालू सेटमध्ये हात घालायचा तर एकच घालायचा, दुसरा खिशात, ही त्यांच्या धंद्यातली पहिली शिकवण. सेट तर आता बंद होता. पण सवयीला ते कोण सांगणार.

जुना काढायचा, नवा घ्यायचा, सोल्डरिंगचा डाग द्यायचा. डाग देताना तेवढा डावा हात खिशातून बाहेर यायचा आणि पुन्हा आत जायचा. दादा हात पुढे करायचा तेव्हा बशी बरोबर तिथे असायची. ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हातात न बघता हत्यार पडतं, तसं. हे मेट्रनने हजारदा केलं होतं, आणि म्हणून तिला एक गोष्ट माहीत होती. अशा वेळी हत्यार कुठलं, ते देणाऱ्याला जास्त कळत असतं.

सातवा तुकडा काढायची वेळ आली तेव्हा दोघेही थांबले. तो जळून कोळसा झालेला होता. आजूबाजूचा पुठ्ठाही काळा पडला होता.

दादाने तो चिमट्याने काढला आणि टेबलावर ठेवला. बशीकडे हात नेला नाही. पेटी ओढली, स्वतः शोधून एक तुकडा काढला, खिडकीच्या उजेडात धरून खूप वेळ बघितला, आणि त्या जागी लावायला नेला.

धाकट्याने बघितलं. फक्त बशी थोडी फिरवली, म्हणजे शेवटचा तुकडा दादाच्या हाताखाली आला.

दादाचा हात हवेतच राहिला.

"चुकीचा आहे ना?" तो म्हणाला.

"हो."

"कुठला पट्टा?"

"तिसरा."

"काय हवाय?"

"हिरवा. तपकिरी, काळा, हिरवा. दहा लाख ओहमचा."

"आणि माझ्या हातात?"

"तपकिरी, काळा, तपकिरी. शंभराचा."

दादाने दोन्ही तुकडे तळहातावर शेजारी शेजारी ठेवले आणि हात सूनबाईसमोर धरला. "तुला वेगळे दिसतात?"

"हो, बाबा," ती हळूच म्हणाली. "अगदी वेगळे."

"मला दोन्ही सारखेच दिसतात. जन्मापासून." तो आता सगळ्यांशी बोलत होता, पण बघत कोणाकडेच नव्हता. "तरुणपणी रेडिओच्या कारखान्यात नोकरी लागली होती. रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक दाखवलं आणि घरी पाठवलं. घरी कोणाला सांगितलं नाही. मग टीव्ही आले. काळे-पांढरे. पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, यात सगळ्यांना तेच दिसतंय जे मला दिसतंय. म्हणून या धंद्यात पडलो. आत एवढे रंग असतात हे झाकण उघडल्यावर कळलं."

मेट्रन खुर्चीत बसली. धाकटा गेल्यावर वहिनीने खणांत आकडे का घातले होते ते तिला आता कळलं, आणि त्या चिठ्ठ्या कुठे गेल्या हेही आठवलं. इतकी वर्षं लोकांची नाडी बघितली, जिभा बघितल्या, डोळ्यांत बॅटऱ्या मारल्या. घरातला माणूस तेवढा बघायचा राहिला.

"हे लावलं त्या दिवशी धाकटा नव्हता," दादाने जळलेल्या तुकड्याकडे बोट केलं. "मास्तर घाई करत होते. मी याची वाट बघायला हवी होती. निदान मीटर लावायला हवा होता. म्हटलं, एवढी वर्षं करतोय, जमेल. आणि दुसऱ्या दिवशी एवढी माणसं दारात आली तेव्हा खरं बोललो असतो, तर लोकांनी विचारलं असतं, ज्याला रंग दिसत नाहीत त्याच्याकडे आपण टीव्ही देतोच कशाला. मी घाबरलो. तुझं नाव घेतलं." तो थांबला. "चूक माझी होती. हे सांगायला सव्वीस वर्षं लागली मला."

मेट्रनने छातीशी धरलेलं झाकण हळूच मांडीवर ठेवलं. तिला आता काही बोलायची गरज उरली नव्हती.

"मला ठाऊक होतं," धाकटा म्हणाला.

"माहितीये मला. म्हणूनच तुझ्यासमोर यायची लाज वाटायची. तू तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलणार? चौदाव्या वर्षापासून मीच मांडून देत होतो बशीत. आपण त्यावर कधी एक शब्द बोललो का? मग चार लोकांसमोर कुठे बोलायचं." त्याने मीटरची वायर बोटाला गुंडाळली आणि सोडली. "आणि मला राग त्याचा नव्हताच, दादा. माझं नाव घेतलंस, घेतलंस. दुकान वाचलं. पण मी त्या सकाळी मुलगी झाली हे सांगायला आलो होतो. सगळ्यात आधी तुला सांगायचं म्हणून सासरीसुद्धा कळवलं नव्हतं. ते सांगायचं राहूनच गेलं."

साठी ओलांडलेला, लिफ्टच्या खोल खड्ड्यात एकटा उतरणारा माणूस, पण त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. सूनबाई चहा करायला म्हणून आत गेली. गॅस पेटवल्याचा आवाज काही आला नाही.

दादाने त्याच्या हातावर हात ठेवला. नीट ठेवताही आला नाही, मधे चिमटा होता.

"पोरगी कान तपासते ना?" तो म्हणाला. "लोकांचे. मशीन लावून."

धाकट्याने वर बघितलं. "तुला कोणी सांगितलं?"

"तुझी वहिनी सांगायची. चालायला लागली, शाळेत गेली, परीक्षेत पहिली आली. मी पेपर वाचतोय असं दाखवायचो. ती गेल्यापासून काही कळलं नाही." त्याने हिरव्या पट्ट्याचा तुकडा उचलला. "लावू?"

"लाव."

दादाने डाग दिला. धुराची बारीक रेघ वर गेली आणि धाकट्याने फुंकर मारून ती उडवली.

मग बल्बची फळी पुढे आली. जुना सेट एकदम चालू करायचा नाही, मधे बल्ब लावायचा. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत काहीतरी बिघडलेलं आहे. पेटून मंद झाला तर सेट ठीक आहे. धाकट्याने हे बाहेर आलेल्या सूनबाईला समजावून सांगितलं, आणि मेट्रनने तिला मागे ओढलं, कारण पडद्याची गोष्ट ती विसरली नव्हती.

"हात खिशात," दादा म्हणाला.

दोघा भावांनी डावे हात खिशात घातले. मेट्रनच्या गाऊनला खिसाच नव्हता, म्हणून तिने हात पाठीमागे बांधले. सूनबाईनेही बांधले.

दादाने बटण फिरवलं. बल्ब लख्ख पेटला. एक क्षण गेला, दुसरा गेला, तो तसाच. एवढं सगळं बोलून झाल्यावर हे आता पेटता कामा नये, असं मेट्रन मनात कोणाला तरी दटावत होती. मग बल्ब पिवळा झाला. मग केशरी. मग आतली तार तेवढी निखाऱ्यासारखी राहिली. टीव्हीच्या आत एकामागून एक व्हॉल्व्ह उजळले, तापलेल्या धुळीचा वास सुटला, आणि काचेच्या मध्यभागी एक पांढरा ठिपका आला, पसरला, आणि सगळ्या पडद्यावर मुंग्या धावायला लागल्या.

चौघंही उभी राहून मुंग्या बघत होती.

"एवढंच?" सूनबाई शेवटी म्हणाली.

"एवढंच," धाकटा म्हणाला. "असलं काही आता हवेतून येतच नाही. चित्र हवं असेल तर एक डबी जोडावी लागेल." त्याने वाकून आवाजाचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. "आवाज मात्र नाही, दादा. निदान खरखर तरी यायला हवी होती. बघू का? अर्ध्या तासाचं काम आहे."

"आज नको," दादा म्हणाला. "उद्या ये. तिला घेऊन ये. आवाज तिच्यासमोर काढू. कान तपासणारी माणूस आहे, आला की नाही ते तीच सांगेल."

"सकाळी कामावर असते ती."

"मग संध्याकाळी. मी कुठे जातोय?"

सूनबाईने टेबलाकडे बघितलं, मग मांडीवर जेवलेल्या पंधरा दिवसांकडे मनातल्या मनात बघितलं, आणि म्हणाली, "काका, तुम्ही दोघं जेवायलाच या. टेबल असं नाही, पण जागा करू."

धाकट्याने सेट बंद केला. मुंग्या गोळा होऊन पुन्हा ठिपका झाल्या आणि गेल्या. तो मान वळवून मेट्रनला म्हणाला, "ताई, झाकण दे." तिने दिलं. 'ताई' तो क्वचितच म्हणायचा, आणि तिने ते ऐकून घेतलं.

दादाने कानावरची पेन्सिल काढली. झाकणाच्या आत, त्या जुन्या तारखेखाली, आजची तारीख घातली. पुढे आडवी रेघ ओढली. मग पेन्सिल धाकट्याच्या हातात दिली.

धाकट्याने चष्मा पुसला, झाकण उजेडात धरलं, आणि रेघेच्या शेजारी टिंब दिलं.

मेट्रनने तोवर सूनबाईची एक कोरी वही ओढून तिचं मागचं पान फाडलं होतं. त्याच्या ती चौकोनी चिठ्ठ्या करत होती, चाळीस. "हं, सांग आता," ती धाकट्याला म्हणाली. "पहिल्या खणात काय येतं? आणि सावकाश सांग. या वेळी मला चुकायचं नाहीये."